डोरोथी हॉजकिन

डोरोथी मेरी क्रोफूट हॉजकिन (१२ मे, १९१०, कैरो, इजिप्त – २९ जुलै, १९९४, इल्मिंग्टन, इंग्लंड) या ब्रिटिश रसायनशास्त्रज्ञ आणि स्फटिकशास्त्रज्ञ होत्या. क्ष-किरणांच्या साहाय्याने जैविक रेणूंची त्रिमितीय रचना शोधण्याच्या तंत्राचा त्यांनी पाया विस्तारला. पेनिसिलिन, जीवनसत्त्व ब-१२ आणि इन्सुलिन या तीन रेणूंच्या रचनेशी त्यांचे नाव कायमचे जोडले गेले आहे. १९६४ सालचे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक त्यांना मिळाले. विज्ञानातील नोबेल मिळवणाऱ्या त्या आजवरच्या एकमेव ब्रिटिश महिला आहेत.

नोबेल मिळाले ते मुख्यत्वे पेनिसिलिन आणि ब-१२ यांसाठी. त्यांच्या मनात सर्वांत जास्त काळ घर करून राहिलेला रेणू मात्र इन्सुलिन होता. त्याचे पहिले छायाचित्र त्यांनी वयाच्या चोविसाव्या वर्षी घेतले आणि त्याची रचना उलगडली तेव्हा त्या एकोणसाठ वर्षांच्या होत्या. हा रेणू पेशीवरील ग्राहीला नेमका कसा भेटतो, या प्रश्नाचे उत्तर मात्र त्यांच्या हयातीत मिळाले नाही.

बालपण

वडील जॉन विंटर क्रोफूट इजिप्तमध्ये आणि नंतर सुदानमध्ये ब्रिटिश शिक्षणखात्यात अधिकारी होते. पुढे ते पुरातत्त्वाकडे वळले. आई ग्रेस मेरी, घरच्यांची मॉली, वनस्पतिशास्त्राच्या आणि प्राचीन वस्त्रकलेच्या जाणकार होत्या. चार बहिणींत डोरोथी थोरल्या. पहिले महायुद्ध सुरू झाले तेव्हा मुलींना इंग्लंडमध्ये आजीआजोबा आणि दाई यांच्या स्वाधीन करून आईवडिलांना परदेशी राहावे लागले. या काळात मुली आईला क्वचितच पाहू शकल्या.

वयाच्या दहाव्या वर्षी तुरटी आणि मोरचूद यांचे स्फटिक तयार करताना डोरोथी यांना स्फटिकांचा छंद जडला. खार्टुममधील मृदारसायनतज्ज्ञ डॉ. ए. एफ. जोसेफ हे कुटुंबाचे स्नेही होते. त्यांनी डोरोथी यांना खनिजांच्या परीक्षणाचे साहित्य दिले आणि घराच्या माळ्यावर त्यांची छोटी प्रयोगशाळा सुरू झाली. बेकल्स येथील शाळेत रसायनशास्त्र हा मुलांचा विषय मानला जाई. तो शिकण्याची परवानगी दोनच मुलींना मिळाली, त्यांपैकी एक डोरोथी. सोळाव्या वाढदिवसाला आईने विल्यम हेन्री ब्रॅग यांचे क्ष-किरणांनी अणूंची मांडणी कशी दिसते हे सांगणारे पुस्तक भेट दिले. आयुष्याची दिशा ठरवण्यात या पुस्तकाचा वाटा मोठा होता.

विद्यापीठात जाण्यापूर्वी जेराश येथील उत्खननात त्या आईवडिलांसोबत होत्या. तेथील बायझंटाइन चर्चच्या फरशीवरील रंगीत खड्यांच्या नक्षीची आरेखने त्यांनी केली. एकच आकृती ठरावीक अंतराने पुन्हा पुन्हा येणे हे अशा नक्षीचे आणि स्फटिकाचेही लक्षण असते.

ऑक्सफर्ड आणि केंब्रिज

१९२८ मध्ये त्या ऑक्सफर्डच्या सॉमरव्हिल कॉलेजात दाखल झाल्या आणि १९३२ मध्ये रसायनशास्त्रात प्रथम श्रेणीत उत्तीर्ण झाल्या. त्यानंतर केंब्रिज येथे जॉन डेस्मंड बर्नाल यांच्याकडे त्यांनी संशोधन केले. बर्नाल यांच्या प्रयोगशाळेत कल्पनांना तोटा नव्हता आणि स्त्री-पुरुष असा भेदही फारसा नव्हता. त्या काळी ही गोष्ट सर्वसाधारण नव्हती.

१९३४ मध्ये तेथेच प्रथिन-स्फटिकशास्त्राचा आरंभ झाला. पेप्सिन या पाचक विकराचे स्फटिक उप्साला येथून आले होते. ते हवेत वाळताच त्यांच्यातील सुव्यवस्था नाहीशी होते हे बर्नाल यांच्या ध्यानी आले. स्फटिक ज्या द्रवात वाढला त्या द्रवासकट काचेच्या नळीत बंद करून क्ष-किरण सोडल्यावर छायाचित्रात स्वच्छ ठिपक्यांची रांग उमटली. प्रथिनाच्या रेणूला निश्चित आकार असतो याचा तो पहिला भक्कम पुरावा होता. त्या दिवशी डोरोथी प्रयोगशाळेत नव्हत्या. हाताचे सांधे दुखू लागल्याने त्यांना लंडनमधील तज्ज्ञाकडे नेण्यात आले होते. तो ऱ्हुमॅटॉइड संधिवात होता. त्याने त्यांना आयुष्यभर सोडले नाही आणि त्यांची बोटे हळूहळू वाकवून टाकली. पुढे क्ष-किरण यंत्राची कळ दाबणे अशक्य झाले, तेव्हा त्यांनी तिला लांब दांडा बसवून घेतला.

१९३४ मध्येच त्या ऑक्सफर्डला परतल्या. प्रयोगशाळेची जागा विद्यापीठाच्या संग्रहालयात होती. सूक्ष्मदर्शक ठेवलेल्या सज्ज्यावर जाण्यासाठी हातात स्फटिक सांभाळत शिडी चढावी लागे. रसायनशास्त्रज्ञांच्या संशोधन-मंडळाच्या बैठकींना स्त्रियांना प्रवेश नव्हता. १९३७ मध्ये त्यांनी इतिहासाचे अभ्यासक थॉमस हॉजकिन यांच्याशी विवाह केला. त्यांना ल्यूक, एलिझाबेथ आणि टोबी अशी तीन मुले झाली. पहिल्या बाळंतपणाच्या वेळी कॉलेजाने त्यांना पगारी रजा दिली. नोकरदार स्त्रीला अपत्य झाले की तिने घरी बसावे, असे समजले जाण्याचा तो काळ होता.

पेनिसिलिन आणि ब-१२

दुसऱ्या महायुद्धात पेनिसिलिनचे मोल उघड झाले होते, पण रेणूची बांधणी ठाऊक नसल्याने ते रासायनिक संश्लेषणाने घडवता येत नव्हते. रसायनशास्त्रज्ञांत दोन तट होते. हॉजकिन, बार्बरा लो आणि चार्ल्स बन यांनी १९४५ मध्ये दाखवले की रेणूच्या मध्यभागी चार अणूंचे एक ताणलेले कडे आहे. बीटा-लॅक्टॅम या नावाने ते आज ओळखले जाते. इतके अस्थिर कडे निसर्गात असू शकत नाही असे मानणाऱ्यांची संख्या मोठी होती. युद्धकालीन गुप्ततेमुळे हे काम सविस्तर प्रसिद्ध व्हायला १९४९ उजाडले. १९४७ मध्ये रॉयल सोसायटीने त्यांना सभासद म्हणून निवडले.

ब-१२ चे लालभडक स्फटिक १९४८ मध्ये ग्लॅक्सो कंपनीतील लेस्टर स्मिथ यांनी त्यांच्याकडे आणले. या रेणूत हायड्रोजन सोडून जवळपास शंभर अणू आहेत. अशा आकाराच्या रेणूची रचना केवळ क्ष-किरणांनी उलगडण्याचा प्रयत्न तोवर कुणी केला नव्हता. कॅलिफोर्नियातील केनेथ ट्रूब्लड यांनी तेथील संगणकावर आकडेमोड करून दिली, आणि पत्रे व तारा यांच्या आधारे दोन खंडांत मिळून ते काम चालले. १९५५-५६ मध्ये ते पूर्ण झाले. कोबाल्टभोवतीचे अपरिचित कॉरिन कडे त्यात प्रथमच दिसले. या दोन कामांसाठी नोबेल जाहीर झाले तेव्हा त्या पतीबरोबर घानामध्ये होत्या. पुढच्या वर्षी त्यांना ऑर्डर ऑफ मेरिट हा सन्मान मिळाला. फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांच्यानंतर तो मिळवणाऱ्या त्या दुसऱ्या महिला होत.

इन्सुलिन

ऑक्सफर्डला परतल्यावर लगेचच रॉबर्ट रॉबिन्सन यांनी त्यांना इन्सुलिनची सुमारे दहा मिलिग्रॅम स्फटिकी भुकटी दिली. मधुमेहावरील औषध म्हणून इन्सुलिन त्या वेळी बारा-तेरा वर्षे जुने होते. तिच्यातील कण फारच लहान असल्याने ती विरघळवून हॉजकिन यांनी मोठे स्फटिक वाढवले. पहिले छायाचित्र घेतले त्या रात्री ठिपके दिसल्यावर त्यांना घरी स्वस्थ बसवेना. त्या ऑक्सफर्डच्या रिकाम्या रस्त्यांवर भटकत राहिल्या. सकाळी शंका आली की स्फटिक प्रथिनाचा नसून एखाद्या सामान्य क्षाराचाच असावा, म्हणून त्यांनी तो पुन्हा तपासला. तो प्रथिनाचाच होता. १९३५ मध्ये 'नेचर'मध्ये हा निबंध प्रसिद्ध झाला. त्याखाली एकच नाव होते.

ठिपके मिळाले तरी त्यांतून रचना मिळत नव्हती. छायाचित्रात प्रत्येक ठिपक्याची तीव्रता नोंदली जाते, पण तो ठिपका घडवणाऱ्या तरंगाची कला नोंदली जात नाही. कला म्हणजे तरंगाचे शिखर नेमके कुठे येते याची माहिती. ती नसेल तर अणू कुठे आहेत हे काढता येत नाही. लहान रेणूंत एखादा जड अणू शोधून त्यावरून बाकीचे जुळवता येते. पेनिसिलिन आणि ब-१२ येथे हाच मार्ग उपयोगी पडला. इन्सुलिनच्या शेकडो अणूंपुढे तो अपुरा होता.

वाट पाहण्याच्या या काळात दुसऱ्या बाजूने मदत आली. केंब्रिज येथे फ्रेडरिक सँगर यांनी १९५१ ते १९५५ या काळात इन्सुलिनमधील अमिनो आम्लांचा क्रम शोधला. त्यात २१ अमिनो आम्लांची अ-साखळी आणि ३० अमिनो आम्लांची ब-साखळी आहे. दोन सल्फर-पूल त्यांना एकमेकींशी बांधतात आणि तिसरा पूल अ-साखळीच्या आत आहे. कोणत्याही प्रथिनाचा संपूर्ण क्रम कळण्याची ती पहिली वेळ होती. याच सुमारास मॅक्स पेरुट्झ यांनी प्रथिनात जड धातूचे अणू बसवून कला काढण्याची रीत सिद्ध केली. इन्सुलिनमध्ये ती लागू करणे मात्र अवघड गेले. स्फटिकातील जस्त काढून त्या जागी किंवा अन्यत्र शिसे, कॅडमियम यांसारखे धातू रेणूची मांडणी न बिघडवता बसवण्यात बरीच वर्षे गेली.

१९६० च्या दशकात हॉजकिन यांच्याभोवती तरुण संशोधकांचा गट जमला. त्यात मार्गारेट ॲडम्स, टॉम ब्लंडेल, न्यूझीलंडहून आलेले गाय डॉडसन आणि एलिनॉर डॉडसन हे होते. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतून आलेले एम. विजयन हेही त्यांत होते. १९६९ च्या उन्हाळ्यात २.८ अँगस्ट्रॉम पृथक्करणाचा इलेक्ट्रॉन-घनतेचा नकाशा तयार झाला आणि त्यात दोन्ही साखळ्यांची वाट पहिल्यांदा दिसली. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये 'नेचर'मध्ये तो प्रसिद्ध झाला. निबंधावर दहा नावे होती आणि नोबेलविजेत्या हॉजकिन यांचे नाव आठवे होते. आधीची पाच नावे त्या शेवटच्या टप्प्यात मुख्य काम केलेल्यांची होती आणि विजयन हे त्यांपैकी एक होते. ते १९७१ मध्ये भारतात परतले. भारतात प्रथिन-स्फटिकशास्त्र रुजवण्याचे श्रेय प्रामुख्याने त्यांना दिले जाते.

बीजिंगमधील चिनी शास्त्रज्ञांनीही याच काळात स्वतंत्रपणे इन्सुलिनची रचना काढली होती. सांस्कृतिक क्रांतीच्या गोंधळात त्यांच्या कामाची बाहेरच्या जगाला कल्पना नव्हती. हॉजकिन यांनी बीजिंगला जाऊन दोन्ही नकाशे ताडून पाहिले. ते जुळत होते. त्यानंतर त्यांनी या कामाची माहिती पाश्चात्त्य नियतकालिकात स्वतः लिहून प्रसिद्ध केली.

रचनेतून काय दिसले

इन्सुलिनचा रेणू घट्ट गुंडाळलेला आहे. अ-साखळीत दोन लहान मळसूत्री भाग आहेत. ब-साखळीच्या मध्यभागी एक लांब मळसूत्री भाग आहे आणि तिचे शेवटचे टोक पट्टीसारखे सरळ होऊन रेणूच्या अंगाला चिकटून बसते. पाण्याशी न जुळणारे अवशेष आत दडलेले आहेत. स्फटिकात दोन रेणूंच्या ब-साखळ्यांची ही टोके समोरासमोर येऊन जोडी बनते. अशा तीन जोड्या दोन जस्त-अणूंभोवती बसल्या की सहा रेणूंचा पुंजका तयार होतो. प्रत्येक जस्ताला तीन रेणूंमधील दहाव्या क्रमांकाचे हिस्टिडीन धरून ठेवते.

हा पुंजका केवळ प्रयोगशाळेतला योगायोग नाही. स्वादुपिंडाच्या बीटा पेशींत इन्सुलिन जस्तासह अशाच रूपात साठवले जाते. रक्तात आल्यावर पुंजका फुटतो आणि काम करतो तो सुटा रेणू. हे कशामुळे होते हे रचनेवरून समजू लागले. वेगवेगळ्या प्राण्यांतील इन्सुलिन आणि प्रयोगशाळेत बदललेले इन्सुलिन यांची ताकद तपासून ब्लंडेल आणि सहकाऱ्यांनी १९७६ मध्ये रेणूचा एक पृष्ठभाग ग्राहीशी भिडणारा असावा असे सुचवले. ग्राही म्हणजे पेशीच्या पटलातील ते प्रथिन, ज्याला इन्सुलिन चिकटल्यावर पेशीला संदेश मिळतो. सुचवलेल्या या भागात अ-साखळीची दोन्ही टोके आणि ब-साखळीवरील २४ व २५ क्रमांकांची फेनिलॲलनिने होती. जोडी बनवताना रेणू ज्या बाजूने एकमेकांना भिडतात त्या बाजूचा मोठा भाग हाच आहे. म्हणजे जोडीत अडकलेले इन्सुलिन ग्राहीला भेटू शकत नाही. साठवण आणि संदेश या दोन कामांसाठी एकच पृष्ठभाग वापरला जातो.

याचा उपयोग वैद्यकात झाला. ब-साखळीच्या टोकाजवळचे २८ आणि २९ क्रमांकांचे अवशेष अदलाबदल केले की जोडी सैल होते. असे इन्सुलिन टोचल्यावर लवकर सुटे होऊन काम सुरू करते. लिस्प्रो या नावाचे हे औषध १९९६ मध्ये वापरात आले.

१९७८ मध्ये स्वित्झर्लंडमधील रिंडरक्नेख्ट आणि हुम्बेल यांनी मानवी रक्तातील एका वृद्धिघटकाचा क्रम प्रसिद्ध केला. ७० अमिनो आम्लांचा हा रेणू शरीराच्या वाढीशी संबंधित आहे. त्याचा मोठा भाग इन्सुलिनच्या दोन साखळ्यांशी इतका जुळतो की त्याला इन्सुलिनसदृश वृद्धिघटक-१ असे नाव मिळाले. फरक असा की येथे दोन्ही साखळ्या मधल्या तुकड्याने सलग जोडलेल्या असतात आणि शेवटी थोडी शेपटी असते. त्याच वर्षी ब्लंडेल यांनी, स्फटिक हाती नसताना, इन्सुलिनच्या रचनेवर आधारून या वृद्धिघटकाचे त्रिमितीय प्रारूप मांडले. पुढे दोघांच्या ग्राहींचा क्रम अनुक्रमे १९८५ आणि १९८६ मध्ये कळला, तेव्हा ती प्रथिनेही एकाच कुळातली निघाली. दोन्ही ग्राहींचा बाहेरचा भाग संदेशवाहक रेणूला धरतो आणि पेशीच्या आतील भाग टायरोसिनवर फॉस्फेट बसवणाऱ्या विकराचे काम करतो.

एक कोडे मात्र सुटत नव्हते. १९९१ मध्ये डॉडसन आणि सहकाऱ्यांनी, ब-साखळीचा २९ वा अवशेष अ-साखळीच्या पहिल्या अवशेषाशी थेट जोडलेल्या इन्सुलिनची रचना काढली. स्फटिकात ते मूळ इन्सुलिनसारखेच दिसले, पण त्याचे काम पूर्णतः बंद होते. म्हणजे ग्राहीला भेटताना इन्सुलिनला आपला आकार बदलावा लागतो. १९६९ च्या नकाशात दिसलेला आकार हा बंदिस्त, साठवणीचा आकार होता.

सार्वजनिक जीवन

हॉजकिन यांचे राजकीय विचार डावे होते आणि पती काही काळ कम्युनिस्ट पक्षाचे सदस्य होते. यामुळे १९५३ मध्ये अमेरिकेने त्यांना व्हिसा नाकारला आणि प्रथिनांवरील एका महत्त्वाच्या परिषदेला त्यांना मुकावे लागले. पुढील अनेक वर्षे तेथे जाण्यासाठी त्यांना विशेष परवानगी घ्यावी लागे. शीतयुद्धाच्या काळात मॉस्को, बीजिंग आणि हनोई येथील शास्त्रज्ञांशी त्यांनी संबंध राखले. १९७६ ते १९८८ या काळात त्या अण्वस्त्रविरोधी पगवॉश परिषदेच्या अध्यक्ष होत्या. १९७६ मध्येच रॉयल सोसायटीचे कोप्ली पदक त्यांना मिळाले. ते मिळवणाऱ्या त्या पहिल्या महिला.

१९४० च्या दशकात सॉमरव्हिलमध्ये त्यांच्या हाताखाली मार्गारेट रॉबर्ट्स नावाच्या विद्यार्थिनीने चौथ्या वर्षाचे संशोधन केले होते. पुढे मार्गारेट थॅचर या नावाने त्या ब्रिटनच्या पंतप्रधान झाल्या. दोघींच्या राजकारणात टोकाचा विरोध होता. तरीही हॉजकिन यांनी त्यांना भेटून सोव्हिएत संघाशी संवाद वाढवण्याचा आग्रह धरला.

अखेरची वर्षे

१९८२ मध्ये पती थॉमस यांचे निधन झाले. इन्सुलिनच्या रचनेचे अधिकाधिक सूक्ष्म चित्र काढण्याचे काम चालूच होते. १.५ अँगस्ट्रॉम पृथक्करणाचे विस्तृत विवरण १९८८ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यावरील लेखकांत अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या हॉजकिन होत्या. १९९३ मध्ये बीजिंग येथे आंतरराष्ट्रीय स्फटिकशास्त्र परिषद भरली. प्रकृती अतिशय नाजूक असूनही त्या चाकांच्या खुर्चीतून तिला गेल्या. पुढच्या वर्षी, २९ जुलै १९९४ रोजी, वॉरिकशायरमधील इल्मिंग्टन येथील राहत्या घरी त्यांचे निधन झाले.

ग्राहीचा शोध

इन्सुलिनच्या ग्राहीच्या बाहेरील भागाची रचना ऑस्ट्रेलियातील गटाने २००६ मध्ये काढली. ग्राहीला चिकटलेल्या इन्सुलिनचे पहिले चित्र मात्र जानेवारी २०१३ मध्ये 'नेचर'मध्ये आले. इन्सुलिन ग्राहीच्या पृष्ठभागाला जेमतेम टेकते आणि त्याचा मुख्य आधार ग्राहीच्याच एका मळसूत्री तुकड्यावर असतो, असे त्यात दिसले. २०१४ च्या पुढील निबंधात ब-साखळीचे टोक बिजागरीसारखे उघडताना दिसले. १९६९ मध्ये रेणूच्या अंगाला चिकटलेले दिसले होते ते हेच टोक. २०१३ च्या निबंधावर गाय डॉडसन यांचे नाव आहे. तो छापून येण्याच्या काही दिवस आधी, २४ डिसेंबर २०१२ रोजी, त्यांचे निधन झाले होते.